प्रिंटर मुका झाला तेव्हा

माझी नणंद प्रिंटरचा ड्रायव्हर सांभाळते, म्हणजे कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला समजावणारा प्रोग्रॅम. त्यात जागोजागी लिहिलेलं असतं: सिस्टिम जुनी असेल तर असं कर, नाहीतर तसं. जुनी सिस्टिम आता कुणी वापरत नाही, म्हणून जुनीसाठीच्या ओळी काढायचं काम तिनं हौसेनं मागून घेतलं. संध्याकाळी द्यायचं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलाशी, प्रिंटर शेजारी ठेवून, तिनं भराभर साफसफाई केली आणि प्रिंटर मुका झाला, काही छापेचना.

"चांगलं चाललेलं बिघडवायचा पगार देतात होय तुला?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, थांब गं जरा!"

एका ठिकाणी क्रम उलटा होता, नवं आधी आणि जुनं नंतर. हाताच्या सवयीनं तिनं पहिलंच, म्हणजे नवंच, उडवलं होतं.

"कुठल्या शहाण्यानं लिहिलंय हे?" तिनं शोधलं, तर नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनंच! हसत हसत तिनं नवं परत आणलं, जुनं काढलं. प्रिंटर घरघरला, कागद बाहेर आला.

"आता माझं कपाटही आवर," सासूबाई खूश होऊन म्हणाल्या.

"नको गं बाई. तुझ्या कपाटातलं सगळं जुनं अजून वापरात आहे."