लेकीच्या खोलीला कारखान्याचा चुना

आमचे हे जळगावच्या एमआयडीसीत वेल्डिंगचा गॅस बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. कार्बाइडवर पाणी सोडलं की गॅस निघतो आणि खाली पांढरा गाळ उरतो. तो चुनाच. इमारतींचे रंगारी तो नेतात, विटा पाडणारे नेतात, शेजारचे कारखाने आपल्या सांडपाण्यातलं आम्ल मारायला नेतात. कोंड्याचा मांडा कसा करायचा ते यांच्याकडून शिकावं. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ते या गाळाचे उपयोग सांगतात. मला ते ऐकून ऐकून वीट आलाय.

घरात तो गाळ आला नाही असं ठिकाण उरलं नव्हतं. आधी दारातला कडुनिंब रंगला, मग न्हाणीघर, मग गच्ची. मी म्हटलं, हौस फिटली असेल.

लेकीची लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला लेक माहेरी येणार नाही तर कधी येणार? धुळ्याहून निघायच्या आधी तिनं फोनवर हळूच सांगितलं की दिवस गेलेत आणि नुसत्या फोडणीनंही मळमळतं. मी हे यांच्या कानावर घातलं. त्यावर यांनी काय करावं? मी बाजारात गेले तेवढ्यात तिची खोली रंगवून मोकळे. तो गाळ उघड्यावर चांगला मुरल्याशिवाय भिंतीला लावू नका, असं गिऱ्हाइकाला हेच बजावतात. पण मुरलेला माल विकला गेला होता, म्हणून यांनी खड्ड्यातला ताजाच उचलला.

दार उघडलं आणि सडक्या लसणाचा भपकारा आला. मी पंखे लावले, खिडक्या उघडल्या, आणि यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. हे खोलीच्या मधोमध उभे राहून छाती भरून श्वास घेत होते.

"माले ते काहीच वास येत नही," म्हणाले. मला वाटलं, चूक कबूल करायला नको म्हणून.

लेक आली ती उंबऱ्यातच थबकली. पदर नाकाला लावून मागं सरली. "आई, मी संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. मला नाही सोसायचं."

हे कावरेबावरे झाले. "अगं, कोठे शे वास?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, रसासाठी ठेवलेला पिकलेला आंबा कापला, यांच्यामागं येऊन एका हातानं त्यांचे डोळे झाकले आणि फोड नाकाशी धरली.

"पप्पा, ओळखा."

यांनी खूप वेळ हुंगलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"काय धरेल शे? जरा जवळ आण ना," म्हणाले.

फोड नाकाला टेकली होती. रस मिशीवर ओघळत होता.

लेकीनं डोळ्यांवरचा हात काढला नाही, कारण ती रडत होती. दिवसभर मी ज्या माणसाला हट्टी म्हणत होते, त्याला आखाजीच्या आंब्याचा वास कधीपासून येत नव्हता, हे मला ठाऊक नव्हतं.