फिरोजी फरशा आणि दत्तारामचा धूर

भट्टीच्या भोकातून काळा धूर यायला लागला. आत चाळीस फिरोजी फरशा होत्या. त्यांना धूर अजिबात चालणार नव्हता.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत मातीकामाच्या एका केंद्रात सिरॅमिक टेक्निशियन होतो. नाटे गावाकडच्या एका वाडीतल्या दर्ग्याचे मुजावर, अब्दुलचाचा, चौथऱ्याची फुटकी फरशी घेऊन आले, तशाच नव्या करून हव्या होत्या. अशी चकाकी मध्ययुगात इराणकडचे कुंभार करत: गारगोटीचं पीठ, खाऱ्या जमिनीतल्या झुडपांची राख आणि किंचित तांबं. भट्टीत हे वितळून मातीवर काचेचा थर बसतो, त्याला आम्ही ग्लेझ म्हणतो. राखेऐवजी मी सोडा वापरला. भट्टीला मात्र शेवटपर्यंत मोकळी हवा लागते. हवा कोंडली की तांबं निळ्याचं लाल होतं.

चाचांचा मुलगा युसुफ मस्कतला फरशा बसवायचा. त्याची रजा संपत आली होती, रविवारी सकाळी तो निघणार होता आणि पुढची रजा दोन वर्षांनी. दर्ग्याच्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हा चाचांचा हट्ट.

धूर दिसताच मी भट्टीमागे धावलो. आमचा भट्टीवाला दत्ताराम, पिढीजात कुंभार, निवांतपणे भट्टीचं तोंड चिखलाने लिंपत होता.

"दत्ताराम, आत काय टाकलंस?"

"भाताचा तूस, सायब. आमच्यात शेवटाला तूस टाकून तोंड लिंपतात. भांडा काला नि खणखणीत होता."

"तुला कुणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगेल? आज्यापास्नं असाच चाललाय."

लिंपण फोडलं, पण उशीर झाला होता. रागवायला मला तोंडही नव्हतं. लाकडं किती, आच कधी वाढवायची, सगळं मी त्याला सांगितलं होतं. शेवटी काय करायचं नाही, हे तेवढं राहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी चाळीसच्या चाळीस फरशा कलेजीच्या रंगाच्या निघाल्या.

"फुटल्या म्हणून सांगा," केंद्राचे साहेब म्हणाले. "विषय संपला."

"सर, पुन्हा भाजू द्या. मोकळी हवा मिळाली तर रंग परत येतो."

"तुम्ही केलंय कधी?"

"नाही. पुस्तकात वाचलंय."

साहेबांनी एक फरशी उलटसुलट करून पाहिली. "करा. पण चाचांना खरं सांगायचं, आजच."

चाचा दुपारच्या एस्टीने आले. मी सांगितलं. ते बाकावर बसले. "युसुफला थांबवता येनार नाय, साहेब," एवढंच म्हणाले. मला फार शरम वाटली.

लगेच भट्टी पेटवली. दत्ताराम तोंडाशी ठाण मांडून बसला, मलासुद्धा जवळ फिरकू देईना. शनिवारी खरी परीक्षा निवण्याची होती. भट्टी घाईने उघडली तर फरशा तडकतात, आणि दारात युसुफ टेम्पो घेऊन उभा. दर पाच मिनिटांनी मी भिंतीला हात लावून बघत होतो. शेवटी दुपारी एक वाजता मीच म्हणालो, काढ वीट. आतून टिंग टिंग आवाज आला. एक तडकली, दुसरी तडकली. दत्तारामने गोणपाट गुंडाळलेल्या हातांनी पहिली फरशी बाहेर काढली. निळी होती. एक कोपरा अजून लालसर, पण निळी.

सहा तडकल्या. लागणार होत्या बत्तीस. युसुफने रविवारी पहाटेच्या नमाजाआधी शेवटची फरशी बसवली आणि सिमेंटने माखलेल्या हातांनीच एस्टी पकडली, असं चाचांनी नंतर सांगितलं.

तेव्हापासून नव्या कारागिराला माझं सगळं सांगून झालं की मी विचारतो, "तुमच्यात शेवटी काय करतात?" आणि मग गप्प बसून ऐकतो.