गुलाबांना न चालणारं औषध

बाटली वरून पडली. हातात नाही, पदरात. डॉक्टरीणबाईंनी हात चांगला वीतभर वर धरला होता, विटाळ नको म्हणून.

"रोज एक चमचा दे लेकीला," त्या म्हणाल्या. "तारीख उलटलीय, पण काही होत नाही. तुम्हा लोकांना सगळं पचतं."

दवाखान्याच्या मागच्या पायरीशी आम्ही झाडूवाल्या बायका रांगेत उभ्या होतो. दिवाळीची बक्षिसी होती ती. धम्म घेतल्यापासून आमच्या वस्तीत दिवाळी नव्हती. पण बाईंना होती ना! गरिबाच्या पदरात काही टाकल्याशिवाय त्यांना फराळ गोड लागत नसे. माझ्यामागची म्हातारी कौसाबाई पुटपुटली, "देवमाणसं हायेत गं." मी बाटली पिशवीत टाकली.

ही देवमाणसं मी रोज जवळून बघत होते. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. नाशकातला हा दवाखाना मोठ्या नावाचा. डॉक्टरांच्या खोलीत काचेचं कपाट होतं. औषध कंपन्यांची माणसं नमुन्याच्या बाटल्या, गोळ्या फुकट देऊन जायची, त्या सगळ्या त्यात. काच मी पुसायची, किल्ली डॉक्टरांच्या खिशात. सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यावरची एखादी बाई तापानं फणफणलेलं पोर पाठीला बांधून यायची, हात जोडायची. डॉक्टर त्या कपाटाला पाठ करून सांगायचे, "औषध खाली दुकानातून घ्या." दुकान त्यांच्या मेव्हण्याचं. बाई पोर घेऊन तशीच परत जायची. बाटली कपाटातच म्हातारी व्हायची. ती मेली, की मग ह्यांना दानधर्म आठवायचा.

माझी रंजू पाच वर्षांची. श्रावणापासून खोकत होती, अंगावर मांस राहिलं नव्हतं. त्याच कपाटातली खोकल्याची बाटली मी तेव्हा मागितली होती. चांगली असताना. डॉक्टर हसले. "आज तुला दिली, उद्या अख्खी वस्ती येईल." तीच बाटली आता माझ्या पिशवीत होती. आणि खोटं का सांगू, संध्याकाळी घरी गेल्यावर रंजूला ती द्यायची असं मी ठरवलं होतं. दुसरं होतं काय हातात?

दुपारी बाईंनी बंगल्यावर बोलावलं. बंगला दवाखान्याच्या मागेच. वाटून उरलेल्या, झाकणाशी गळणाऱ्या बाटल्यांचं खोकं व्हरांड्यात होतं. "हे ओतून टाक कुठेतरी आणि बाटल्या धुऊन ठेव. भंगारवाला येईल." दानातून उरलेल्या काचेचेही पैसे करणार! मी जवळची कुंडी बघून पहिली बाटली तिरकी केली.

बाई किंचाळल्या. "अगं ए! कुंडीत नको! खराब झालेलं औषध ते, गुलाब जळतील माझे!"

माझा हात तिथंच थांबला. पिशवीतली बाटली काढली, खोक्यातल्या बाटलीशेजारी धरली. तेच औषध. तेच लेबल.

"बाई, कुंडीला चालत नाय, ते माझ्या रंजूला कसं चालतं?"

बाई लाजतील असं मला वाटलं होतं. छे! "कुठे माझे गुलाब आणि कुठे..." म्हणाल्या आणि थांबल्या. वाक्य पुरं करायचीही तसदी घेतली नाही.

पुढचं मला कळलं. अंगाची आग आग झाली. शिळी भाकरी, फाटकं लुगडं, वरून ओतलेलं पाणी, सगळं आजवर गिळलं होतं. बाईंचं म्हणणं खरंच होतं, आम्ही सगळं पचवत आलो होतो. म्हणूनच तर त्यांची हिंमत झाली. स्वतःची किळस आली आणि त्यांची त्याहून जास्त.

मी झाकण उघडलं. रंजूच्या वाट्याची बाटली त्यांच्या सगळ्यात मोठ्या गुलाबाच्या बुडाशी सावकाश रिकामी केली.

"पचतंय का बघा," म्हटलं.

नोकरी तिथंच गेली. डॉक्टर धावत आले. "माजलीस! भीक घालायचीसुद्धा लायकी नाही तुमची," म्हणाले. फुकट मिळालेलं ज्यांनी कुजवून आम्हाला घातलं, ते भीक कशाला म्हणत होते कोण जाणे. गुलाब जगला की वाळला, ते मला माहीत नाही. विचारायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी रंजूला कडेवर घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसले. तिथंही हाडतूड झाली. मी उठले नाही. भांडले, पुन्हा बसले, चांगलं औषध हातात पडल्यावरच घरी आले. खोकला जायला अख्खा हिवाळा गेला.

आता वस्तीत कुणी दानाचं गाठोडं घेऊन आलं, की मी पदर पसरत नाही. आधी विचारते, "हे तुमच्या घरात चालतं का?" त्यांची जीभ अडखळली, की गाठोडं उचलते आणि त्यांच्याच अंगणात नेऊन टाकते.