सातांच्या वर नाही

गुहा दाखवणारी मावशी म्हणजे एक नंबरची हट्टी बाई. एका खेपेला माणसं सातच. आठवा आला की, "बसा निवांत, गुहा कुठं पळून जात नाही!" प्रत्येकाचं नाव विचारायची, हात हातात घ्यायची, मगच आत. बाहेर येतानाही नावानं हाक, पुन्हा हात. लोक हसायचे, पण महिना-महिना आधी नंबर लावून यायचे.

लेकीला हे अजिबात पटेना. "आई, सातांनी काय होतंय? बाहेर रांग लागलीय नि तू नावं विचारत बसतेस!" शेवटी तिनं एक दिवस बसभर माणसं आणली, चांगली तीस. घरातल्या घरात रोज कोण भांडणार, म्हणून मावशी गप्प बसली. तिथंच तिचं चुकलं! नावं नाहीत, हात नाहीत. लेकीनं तोंडाशी उभं राहून डोकी मोजली आणि सगळे आत गेले.

एरवी मागचं पाऊल कुणाचं, हे मावशी न वळता सांगायची. आज नुसतीच पायांची खसफस. कोण कुणाचं, काही कळेना. जीव खालीवर होत होता बिचारीचा.

बाहेर आल्यावर लेकीनं पुन्हा डोकी मोजली. "तीस! बघ, एकही कमी नाही."

मावशी सवयीनं एकेकाचा हात घेत होती. भर उन्हात एक हात लागला तो गारठलेला, ओलाचिंब. तिनं दचकून सोडला. मान वर करेपर्यंत तो घोळक्यात मिसळलाही होता.

तेवढ्यात गुहेतून बाईचा आवाज आला, "अहो, थांबा ना! मी आतच राहिलेय!"

कुणाचं माणूस राहिलंय, म्हणून मावशीनं सगळ्यांना विचारलं. जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. एकटीच आली असेल कुणी, कोण ओळखणार तिला?

मावशीनं बॅटरी उचलली. लेकीनं तिचा दंड धरला. "नको गं आई, तीस भरलेत!" ती रडायलाच लागली.

"भरलेत म्हणूनच जातेय. सोड मला."

गुहेच्या तोंडाशी मावशी थबकली. हाक मारायला नाव कुठं होतं तिच्याकडे?

"कोण राहिलंय गं आत?"

"मी!" आतून पाच-सहा जणींनी एकदम ओ दिली. आणि सगळ्यांचा आवाज एकच.