गोपिकाबाई आणि भोंग्यावरची मजाक

आमच्या भासऱ्यांची निवडणूक ज्या विनोदानं बुडाली, तो विनोद माझा होता. भासरे म्हणजे माझ्या यजमानांचे थोरले भाऊ. साऱ्या गावानं खापर फोडलं ते नागपूरहून आणलेल्या नकलाकाराच्या डोक्यावर, आणि मी साळसूदपणे पोळ्या लाटत राहिले. चाळीस वर्षं होत आली. गोपिकाबाईही गेली. आता कोणाला भिऊन गप्प बसू?

तेव्हा मी सौसरजवळच्या त्या घरातली नवी सून, मॅट्रिक पास. घरात दुसरी शिकलेली बाई नव्हती, म्हणून सगळी अक्कल माझ्याच वाट्याला आली आहे अशी माझी समजूत. त्या अकलेचा उपयोग काय, तर स्वयंपाकघरात लोकांच्या नकला करणं. सगळ्यात हुकमी नक्कल गोपिकाबाईची.

ती बौद्ध मोहल्ल्यातली. कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी तिच्या हाताखाली. उंच, काटक, तोंडाची फटकळ. मी हौसेनं पहिल्यांदा वेचायला गेले आणि बोंडानं बोट फाडून घेतलं, तेव्हा स्वतःच्या पदराची चिंधी बांधत म्हणाली, "लहानीबाई, बोंडाशी भांडू नका. थे बी नवरीच आहे, हळू उघडा तिले." धाकटी सून म्हणून मी लहानीबाई.

संध्याकाळी काट्यावर कापूस तोलून झाला की ती सगळ्यांच्या आधी पुढे यायची. वेचलेला कापूस भरायची कमरेची ओटी सोडायची, पदर फडाफडा झटकायची आणि दिवाणजीला म्हणायची, "पाहून घ्या जी डोये भरून. नाई त रातीले झोप नाई येनार तुमाले." मागोमाग तिच्या बायाही तसंच करायच्या. पूर्वी दुसऱ्या एका मालकाच्या वावरात चोरी शोधण्याच्या नावाखाली तिथल्या दिवाणजीनं टोळीतल्या एका पोरीच्या अंगाला हात लावला होता. तेव्हापासूनचा हा नियम. "आमी सोताच झटकतो. कोनाचा हात नाई लागला पाह्यजे." हे मला तिनंच सांगितलं होतं. ऐकून मी काय केलं? पदर झटकण्याची नक्कल बसवली.

भासऱ्यांच्या प्रचारसभेच्या दिवशी नकलाकार आमच्याकडे जेवायला होता. "वहिनी, इथली एखादी गंमत सांगा ना. लोकांना आपलंसं वाटतं." झालं! मी दाराआडून सुरू: "आमच्याकडच्या बाया सकाळी सडपातळ जातात वावरात. दुपारी पाचवा महिना, संध्याकाळी नववा. बाळंतपण किराणा दुकानात, अन् बाळ निघतं कापसाचं!" ओटीत चोरलेला कापूस वाण्याला विकतात, हा त्यातला टोमणा. तो इतका हसला की मला आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी बाजाराच्या मैदानात त्यानं ते भोंग्यावर म्हटलं; मीही घरच्या बायांबरोबर तिथं बसले होते. वर पदर झटकूनही दाखवला. मैदान हसलं, मंचावर भासरे हसले. बायांच्या घोळक्यातून गोपिकाबाई उठली. "भाऊ, त्या बाईचं नाव सांगा. कोन आहे थे?" तो "मजाक होती, मजाक" करत राहिला. ती चालू लागली. मागून टोळी उठली.

दुसऱ्या दिवशी वावरात कोणी फिरकलं नाही. फुटलेला कापूस बोंडांतून लोंबत होता, वाऱ्यानं मातीत पडत होता. भासऱ्यांनी निरोप धाडला, मजाक होती म्हणून. उत्तर आलं, "मजाक होती त आपल्या घरच्या बायांवर काऊन नाई केली?" विरोधी उमेदवार लगबगीनं मोहल्ल्यात पोचला, माताभगिनींच्या इज्जतीवर बोलू लागला. त्यालाही तिनं टेकू दिलं नाही. "पह्यले तुमच्या दिवाणजीचा हात आवरा जी, मंग आमच्या इज्जतीचं बोला."

वेचणीला जाणाऱ्या साऱ्या बायांनी मात्र भासऱ्यांना पाडलं. "त्या नकल्यानं बुडवलं," भासरे म्हणाले. "हो ना, मेला!" मी पडद्याआडून म्हटलं. अशी मी.

मी हेही पचवलं असतं. पण गोपिकाबाईची सून शेवंता खरोखरच पोटुशी होती. नळावर पोट्टे तिला विचारू लागले, "किती किलोचं आहे ओ?" तिनं नळावर जाणं सोडलं, मग दाराबाहेर येणंही. आमच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईनं हे मला हसत हसत सांगितलं. माझ्याच्यानं काही हसवेना. दुपारी सगळे निजल्यावर मी मोहल्ल्यात गेले.

गोपिकाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मला पाहताच शेवंता उठून आत गेली. मी इकडेतिकडे पाहिलं, खाली बसले आणि अगदी तिच्या कानाशी म्हणाले, "गोपिकाबाई, ते मीच त्याला सांगितलं होतं. मला माफ करा."

तिचे हात थांबले नाहीत. "मले ठाऊक आहे. तो बोलाच्या आंधीच तुमी हासल्या होत्या."

मी रडू लागले. तेही बेतानं, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. तिनं सूप बाजूला सारलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली,

"बदनामी भोंग्यावर केली, लहानीबाई, अन् माफी कानात काऊन मागून राहिल्या?"