शालूताई राहून बघायला आली होती

शालूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत होतो. पेन्शन चालू राहावी म्हणून दरवर्षी आपण जिवंत असल्याचं सांगावं लागतं, त्या रांगेत. फोन कॅनडाहून होता, ताईच्या मुलाचा, निखिलचा. झोपेतच गेली, म्हणाला. मी रांग सोडली नाही. लोकांना हे विचित्र वाटेल, पण मला तेव्हा उभं राहणं सोपं वाटलं आणि घरी जाऊन बायकोला सांगणं अवघड. अंगठा लावला, मी जिवंत ठरलो आणि बाहेर पायरीवर येऊन बसलो. निखिलनं फोन ठेवता ठेवता एक प्रश्न विचारला होता. त्याच्या बाबांच्या अस्थी तिथल्याच तळ्यात सोडल्या होत्या. "मामा, आईलाही तिथंच सोडू, की तुमच्याकडं बालाघाटला आणू? ती कायमची परत येणार होती का, मला खरंच माहीत नाही." मलाही माहीत नव्हतं. तीन-चार आठवडे झाले, माणसं भेटायला येतात, मी चहा पितो, मान हलवतो... आणि डोक्यात तेवढंच असतं.

लग्न होऊन ताई कॅनडाला गेली तेव्हा नागपूरच्या पलीकडचं जग तिनं पाहिलं नव्हतं. आमच्याकडच्या माणसांना एक खोड आहे. समोर कुणी साहेबासारखा दिसला की कळो न कळो, आपली मान हलते. तिचा घरमालक अधूनमधून विचारायचा, घर गरम राहतं ना? ताई हसून हो म्हणायची. हीटर पहिल्या दिवसापासून बंद होता. बर्फात ही बाई अंगात दोन स्वेटर घालून पोळ्या लाटायची, पण त्याला वाईट वाटेल म्हणून बोलायची नाही. अख्खा हिवाळा गेला, मग शेजारची एक म्हातारी घरात आली, तिनं भिंतीला हात लावून पाहिला आणि मालकाला बोलावून आणलं. पुढं ताई नव्यानं आलेल्या लोकांना सल्ला देणाऱ्या केंद्रात कामाला लागली आणि उभं आयुष्य तिनं तेच केलं. भाड्याचं घर, मुलांची शाळा, दवाखाना, सगळं नंतर. आधी ती माणसाला 'समजलं नाही' म्हणायला शिकवायची. आणि परत कधी जाणार, हे मात्र कुणालाच विचारायची नाही. ते विचारलं की टेबलावर टेकवलेले हात माणूस हळूच मागं घेतो, असं तिनं मला फोनवर सांगितलं होतं.

भाऊजींच्या मागं, गेल्या हिवाळ्यात ती इथं आली ती राहून बघायला. जमलं तर कायमचं. आम्ही तिला वरची खोली दिली. पण गावानं तिला तोच प्रश्न विचारला. भाजीवाली, दवाखान्यातला कंपाउंडर, देवळातल्या बायका, जो तो मराठीत नाही तर हिंदीत, "कधी चालली वापस?" विचारायचे प्रेमानंच. परदेशातून आलेल्या माणसाशी दुसरं काय बोलावं हे कुणाला सुचतच नाही. ताई आधी हसायची, मग बाजारात जायचं टाळायला लागली. नेट बंद पडायचं, जिना चढताना दम लागायचा, जुन्या मैत्रिणी नातवंडांत अडकलेल्या. मला वाटलं, संपलं, ही काही राहत नाही.

त्यात लांजीचे आमच्या ओळखीचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. दुर्गा नर्स झालेली, तिला आयर्लंडमध्ये नोकरी लागली होती. ताईनं तिला ओसरीत समोर बसवलं आणि इंग्रजीत भराभर काहीतरी विचारलं. दुर्गा म्हणाली, यस. काय विचारलं, असं ताईनं मराठीत म्हटल्यावर पोरगी खाली बघायला लागली. दुपारभर हाच खेळ. दर वेळी यस आणि दर वेळी खाली मान. ताईला मी कित्येक दिवसांनी एवढं मजेत पाहत होतो. शेवटी दुर्गा रडकुंडीला आली. "मले नाही समजलं, मावशी." ताईनं तिला जवळ घेतलं, म्हणाली, आता जा खुशाल. चहा पिता पिता दुर्गाच्या बापानं विचारलं,

"बाई, पोरीले तिकडं राहाले शिकवून राह्यल्या, अन् तुमी काहून वापस आल्या?"

"आली कुठं, भाऊ? येऊनच राह्यली अजून."

तो हसला. मला हसू आलं नाही.

फेब्रुवारीत ती कॅनडाला परत गेली. तिथल्या घराचं बघते म्हणाली, परत येईन असं म्हणाली नाही. तिनंच लावलेल्या सवयीमुळं मीही विचारलं नाही.

परवा बायकोला निखिलचा प्रश्न सांगितला, तर ती मला वर घेऊन गेली. ताईच्या पलंगामागं तांदळाचा एक कट्टा, म्हणजे पोतं, उभा होता. लालबर्रा रोडच्या राइस मिलमधून ताईनं स्वतः आणवलेला नवा चिन्नोर. आमच्याकडं नवा तांदूळ लगेच शिजवत नाहीत, भात चिकट होतो. वर्षभर ठेवून, जुना करून खातात. कट्ट्यात वरपर्यंत कडुनिंबाचा पाला पसरलेला होता, वाळून चुरा झालेला. तोही तिनंच घातलेला. बायको म्हणाली, ताईनं बजावलं होतं, "याले हात लावू नका, हा माहा आहे. जुना झाला की मी करतो."

मी तिथंच पलंगावर बसलो आणि खूप रडलो. मग निखिलला फोन लावून तांदळाचं सांगितलं. दोन महिने राहायला आलेलं माणूस नवा तांदूळ घेत नाही, हे त्याला समजावून सांगावं लागलं... मग तो म्हणाला, "आईला घेऊन येतो, मामा."

तो पुढच्या आठवड्यात येतोय. वैनगंगेवरून परतल्यावर त्याला जेवायला याच कट्ट्यातला भात वाढायचा, असं आम्ही ठरवलंय. तांदूळ आता जुना झाला आहे.