हौसाच्या खाचरातलं तांबडं पाणी

वाटण्या झाल्या तेव्हा ओढ्याकाठची भाताची जमीन हौसाने हट्टाने आपल्या नवऱ्याकडे घेतली. धाकट्या जावेच्या, मालूच्या वाट्याला डोंगरावरचा माळ आला. गवत आणि कातळ, बाकी काही नाही.

काही वर्षांनी त्याच माळाखाली बॉक्साइट सापडलं. कंपनीने माळ घेतला, सुरुंग लावून डोंगर खणायला सुरुवात केली. मालूच्या नवऱ्याला, पोपटला, खाणीवर नोकरी लागली आणि दोघं रोह्याजवळच्या अष्टमी गावात पक्क्या घरात राहायला गेली. रोह्याच्या बाजारात मालू नव्या लुगड्यात दिसली की हौसा रस्ता बदलायची. माळ आपण घेतला असता तर, हा एकच विचार तिला भात कांडताना, चुलीपुढे बसताना छळायचा.

खाण मोठी होत गेली. वरचं गवत गेलं, आणि पावसाळ्यात सुटी तांबडी माती ओढ्यातून थेट हौसाच्या खाचरात उतरली. लावलेलं भात चिखलाखाली गुदमरलं. मागून पेरलेले वालही रुजले नाहीत. नवरा, हैबतराव, म्हणाला, "पोपटला सांग. तो सायबाच्या कानावर घालील."

हौसा अष्टमीला गेली. मालूने पंखा लावला, कपबशीतून चहा दिला. "भात कसं हाय, अक्का?"

पंख्याकडे बघत हौसा म्हणाली, "झकास हाय. कणगीत मावायचं नाय."

काही न सांगताच ती परतली. घरी मात्र म्हणाली, पोपट भेटला नाही.

पुढल्या पावसात पुन्हा तेच झालं. थंडीत मालू वालाच्या शेंगा न्यायला गावी आली, तर शेतात नुसती तांबडी, भेगाळलेली माती.

"सांगितलं का नाय, अक्का?"

"तुझ्याफुडं हात पसरू गो? माळ तुझ्या गळ्यात मीच मारला व्हता."

मालूने घरी जाऊन पोपटला सगळं सांगितलं. पोपटने खाणीच्या साहेबाचा पिच्छा पुरवला, आणि उन्हाळ्यात कंपनीने वर चर खणून पाणी पलीकडच्या नाल्यात वळवलं. खालच्या अर्ध्या शेतात पुन्हा भात आलं. वरच्या अर्ध्यात माती इतकी घट्ट बसली होती की तिथे पुढे कधी काही पिकलं नाही.

त्या वर्षी हौसाने मालूकडे वालाची पिशवी पाठवली. मग कोणीतरी येऊन सांगितलं, मालू शेजारणींना म्हणते, "आमच्यामुळं जावेचं शेत वाचलं."

ते खरंच होतं. तरी त्या दिवशी हौसाला जेवण गेलं नाही.